चाळीस दिवसांची भूल

हेमंत खैरमोडे यांनी त्रेसष्टाव्या वर्षी खालचे दात नव्याने उगवून घ्यायचं ठरवलं, ते भाजलेलं कणीस खाता यावं म्हणून नव्हे. त्यांना 'त' म्हणायचा होता.

विट्याच्या आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं फिटरचा ट्रेड शिकवला होता. बोलणं मोजकं, हात नेमका. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नीला, ज्योत्स्नाबाईंना, पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि भाषा गेली. हायस्कुलात भूगोल शिकवणारी बाई. नद्यांची नावं उगमापासून मुखापर्यंत एका दमात म्हणायची. आता तोंडून एक लांबट 'अं' तेवढा निघायचा. त्यांना किती समजतं, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

चार वर्षं हेमंतराव त्यांना दोन्ही वेळा भरवत होते. चमचा आधी स्वतःच्या खालच्या ओठाला लावायचा, चटका बसत नाही ना बघायचं आणि म्हणायचं, "आ." की ज्योत्स्नाबाई तोंड उघडायच्या. दिवसभरात त्या दोघांमध्ये हा एवढाच संवाद असा होता, ज्याला हमखास उत्तर मिळायचं.

दर बुधवारी वाणीचे उपचार करणारी मृण्मयी पडद्यावर यायची. एके दिवशी ती म्हणाली, "काका, काकू माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत. त्या तुमच्या तोंडाकडे बघतात. शिकतील तर तुमच्याकडून शिकतील."

"मग अडतंय कुठं?"

मृण्मयी थोडी घुटमळली. "तुम्ही 'ताट' म्हणता ना, ते 'फाफ' ऐकू येतं. 'दार' म्हणता ते 'वार'. खालचे दात नाहीत, कवळी हलते, ती सावरण्यातच जीभ गुंतते आणि वरच्या दातांना टेकत नाही. त्या चुकीचं बघतात, म्हणून त्यांना जमत नाही."

हेमंतराव त्या दिवशी आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. हिरड्यांच्या दुखण्याने खालचे आठ दात गेले होते. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं, की हिचं बोलणं आपल्याच तोंडात अडकलंय.

*

सांगलीच्या अंकुर दंत केंद्रात डॉक्टर केतकी शेंडे यांनी त्यांना जबड्याची मोठी प्रतिकृती दाखवली.

"आपल्याला लहानपणी दात कसे येतात? हिरडीच्या आत पेशींचा एक कोंब असतो, त्याला हुकूम मिळतो आणि तो वाढतो. मोठेपणी कोंब संपतात. पण हुकूम कसा द्यायचा ते आता आम्हाला कळलंय. तुमच्याच हिरडीतल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत कोंब तयार करतो आणि हाडात पेरतो. चार महिन्यांत टोकं दिसतात."

"मग अडचण काय?" हेमंतरावांनी विचारलं. यंत्र म्हटलं की त्याची खोट आधी विचारायची, ही जुनी सवय.

"अडचण नसेची. जबड्यात खालून एक नस जाते. जखम झाली की ती सतत ओरडत राहते. दुखतंय, दुखतंय. त्या ओरडण्यानं सूज येते आणि सुजेत कोंब जगत नाही. पहिल्या वर्षी निम्मे कोंब असेच गेले. म्हणून मग आम्ही नसेलाच झोपवायचं ठरवलं."

साध्या भुलीचा अंमल दोन-तीन तास टिकतो. अंकुर केंद्रात औषध सूक्ष्म गोळ्यांत भरून नसेच्या मुळाशी ठेवत. एकेक थर विरघळत जाई आणि भूल झिरपत राही. दोन्ही बाजूंच्या नसा चाळीस दिवस निजून राहत. खालचा ओठ, हनुवटी, जिभेचा पुढचा भाग, कशालाच काही कळत नसे.

"चाळीस दिवस जेवायचं कसं?"

"हेच खरं जपायचंय." डॉक्टरांनी एक छापील पत्रक पुढे सरकवलं. "चावायचं नाही, नाहीतर स्वतःचीच जीभ चावाल आणि कळणारही नाही. मऊ, पातळ खायचं. आणि गरम अजिबात नाही. आधी बोट बुडवून बघायचं. बोटाला कोमट लागलं तरच तोंडात घालायचं. तोंडावर विश्वास ठेवायचा नाही."

शिवाय दातांच्या आतल्या बाजूला तांदळाएवढा एक तुकडा चिकटवायचा होता. तोंडातली उष्णता आणि दाब तो मोजणार आणि कानातल्या छोट्या इअरफोनमधून सांगणार. त्याला सगळे 'राखण्या' म्हणत.

हेमंतरावांनी पत्रक दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. त्यात सोळा सूचना होत्या. सगळ्या त्यांच्या तोंडाविषयी होत्या.

*

पहिले दहा दिवस मुलगी ईशिता नागपूरहून येऊन राहिली. आईला तीच भरवायची. हेमंतराव स्वतःच्या वाटीत बोट बुडवून बघायचे आणि पेज प्यायचे. कधी जबडा सवयीनं हलला की कानात राखण्या म्हणायचा, "चावू नका."

तिसऱ्या दिवशी ते पेपर वाचत बसले होते. समोर खुर्चीत ज्योत्स्नाबाई होत्या. अचानक त्या "अं, अं" करायला लागल्या, डावा हात हवेत हलवू लागल्या.

"काय गं? पाणी हवंय? पंखा लावू?"

त्यांचा हात थांबेना. डोळे मोठे झाले होते. हेमंतरावांनी पाणी आणलं, उशी सरकवली, खिडकी लावली. मग पेपरवर लाल थेंब पडला तेव्हा त्यांनी हनुवटीला हात लावला. खालचा ओठ दाताखाली आला होता आणि आतून पार फाटला होता.

"मला सांगत होतीस होय?" ते रुमाल धरून ज्योत्स्नाबाईंपुढे गुडघ्यावर बसले. फार दिवसांनी त्यांना खात्री वाटली, की ही सगळं समजून आहे.

ईशिताने टाक्यांची सोय केली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आणखी एक आठवडा थांबू का?"

"कशाला? मी काय लहान आहे? सारिका येतेच की रोज."

सारिका मुळीक सकाळी येऊन ज्योत्स्नाबाईंना अंघोळ घालायची, जेवण करून ठेवायची आणि अकराला पुढच्या घरी जायची. चार वर्षांची ओळख. हेमंतरावांना ती 'सर' म्हणायची, ज्योत्स्नाबाईंना 'ताई'.

*

बधिरपणाचं एक लक्षण त्या पत्रकात नव्हतं. पहिल्या दिवशी ओठ जडशीळ, सुजल्यासारखा, परक्याचा वाटतो. आठवड्याने मेंदू त्या भागाची चौकशी करायचंच सोडून देतो. मग ओठ बधिर वाटत नाही. ओठ ठीक आहे असंच वाटतं.

बाराव्या दिवशी सारिकाला यायला उशीर झाला. तिने घाईनं मुगाची मऊ खिचडी शिजवली, वर साजूक तूप घातलं, गरम ठेवणाऱ्या जाड झाकणाच्या डब्यात भरली आणि म्हणाली, "सर, आत्ताच उतरवलीय हां." हेमंतराव मागच्या दारी वाळलेले कपडे काढत होते. "हो हो," ते म्हणाले.

साडेबाराला त्यांनी स्वतःसाठी वाटीत ताक-भात कालवला, बोट बुडवून बघितलं. मग डबा उघडून ज्योत्स्नाबाईंची खिचडी वाढली. वाफ होती, पण थोडी. तुपाचा थर वर असला की वाफ कमीच दिसते. त्यांनी चमचा भरला, खालच्या ओठाला लावला. चटका बसला नाही. चार वर्षं 'चटका नाही' याचा अर्थ एकच होता, घास निवलाय.

"आ."

त्यांनी तोंड उघडलं. घास आत गेला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

झटक्यानंतर ज्योत्स्नाबाईंना मधूनमधून असं रडू यायचं, कारणाशिवाय. मेंदूचा लगाम सुटलाय, फार लक्ष देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हेमंतरावांनी पदराने त्यांचे डोळे पुसले.

"नाही रडायचं. ईशूची आठवण आली का? येईल ती दिवाळीला. आ."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

दुसरा घास, तिसरा. प्रत्येक घास आधी ओठाला. त्या "अं" म्हणाल्या, डावा हात उचलला, तो हेमंतरावांनी प्रेमाने धरून खाली ठेवला. राखण्या गप्प होता. तो दातांच्या आत बसला होता. चमचा ओठाच्या आत जातच नव्हता.

"संपलं बघ. दोनच घास राहिले. आ."

आणि त्यांनी उघडलं. शेवटच्या घासापर्यंत त्यांनी तोंड उघडलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवून देताना सारिका ओरडली, "सर! इकडं या आधी!"

टाळूवर पांढरे पापुद्रे सुटले होते. जिभेची डावी बाजू लालभडक, गालात आतून फोड. सारिकाने हेमंतरावांकडे बघितलं. "काल मी सांगितलं होतं, सर. आत्ताच उतरवलीय म्हणून."

"मी बघून दिलं. प्रत्येक घास बघून दिला."

"कशानं बघितलं?"

त्यांनी ओठाला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला.

फॅमिली डॉक्टर येऊन गेले. मलम, थंड दूध, आइस्क्रीम, औषध. भाजलेलं पंधरा दिवसांत भरून येईल, म्हणाले. आणि ते आलंही. पण त्या संध्याकाळी हेमंतराव गार दुधाची वाटी घेऊन बसले, आधी बोट बुडवलं, मग खोलीतला थर्मामीटर बुडवला आणि म्हणाले, "आ."

ज्योत्स्नाबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"गार आहे. बघ, हे बघ." त्यांनी दुधाचं बोट ज्योत्स्नाबाईंच्या हाताला लावलं. "आ."

त्या भिंतीकडे बघू लागल्या.

रागानं म्हणावं तर चेहऱ्यावर राग नव्हता. समजत नाही म्हणावं तर मान नेमकी चमच्याच्या उलट बाजूला वळत होती. "मला कळलं नाही गं," ते म्हणाले. "माझा ओठ मेलेला आहे. मला खरंच कळलं नाही." हे ज्योत्स्नाबाईंपर्यंत पोहोचलं की नाही, ते समजायचा काही मार्ग नव्हता. आणि स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं, ते फाटकं, फेसाळ, अर्धी अक्षरं गिळलेलं.

*

त्यांनी डॉक्टर शेंड्यांना फोन लावला.

"हे काढून टाका. गोळ्या काढा, कोंब मेले तरी चालतील. मला ओठ परत द्या."

पडद्यावर डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "सर, त्या गोळ्या काढता येत नाहीत. नसेच्या आवरणात मुरल्यात त्या. उलट औषध अजून नाही. सत्तावीस दिवस जाऊ द्यावेच लागतील."

"आणि ती सत्तावीस दिवस काय खाणार?"

"दुसरं कोणी भरवलं तर..."

दुसरं कोणी म्हणजे सारिका. तिच्या हातून ज्योत्स्नाबाई खायच्या. पण ती सकाळी एकदाच येणार. तिला आणखी तीन घरं होती आणि सासू अंथरुणाला खिळलेली. शेजारच्या बाई दोन दिवस आल्या, मग त्यांना गावाला जावं लागलं. ईशिता धावत आली, आठ दिवस राहिली, तिच्या हातूनही आई खायची. हेमंतराव खोलीत आले, की तोंड मिटायचं. नुसते दारात उभे राहिले तरी मिटायचं.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा ना जरा," ईशिता एकदा चिडून म्हणाली. लगेच तिचा आवाज उतरला. "सॉरी. पण ती खात नाहीये."

ते अंगणात जाऊन बसले. आतून ईशिताचा आवाज येत होता, "आ कर आई. शाब्बास." वाटीला चमचा लागल्याचा आवाज येत होता. हेमंतराव हातांकडे बघत बसले. याच हातांनी त्यांनी शेकडो पोरांना शिकवलं होतं, की कशाला हात लावण्याआधी मोजा. मोजल्याशिवाय लावू नका.

ईशिता गेल्यावर दहा दिवसांत ज्योत्स्नाबाईंचं वजन साडेतीन किलोने उतरलं. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल. त्यासाठी संमतीची सही लागत होती. "डावा हात चांगला आहे त्यांचा," डॉक्टर म्हणाले, "पण चमचा धरून तोंडाशी न्यायची जुळणीच मेंदूत तुटलीय. स्वतःहून खातील ही आशा धरू नका."

हेमंतरावांनी सही केली. नळी घालताना ज्योत्स्नाबाई ओकल्या, खोकल्या, डाव्या हाताने परिचारिकेचं मनगट धरलं. हेमंतराव बाहेर थांबले होते. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही, कारण आत आल्याने काय वाढेल आणि काय कमी होईल, तेच त्यांना कळेनासं झालं होतं.

*

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी चूळ भरताना त्यांच्या हनुवटीत मुंग्या आल्या. दुपारपर्यंत ओठ पेटल्यासारखा झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, नस जागी होताना ओरडते. त्यांनी वेदनेची गोळी दिली होती. हेमंतरावांनी ती घेतली नाही. दोन दिवस ते जळत्या ओठानं घरभर फिरले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज केली, चमचा ओठाला लावला, चटका बसला. थांबले. पुन्हा लावला, कोमट. नळी लावलेल्या नाकाखालचे ते ओठ त्यांच्यासमोर होते.

"आ," ते म्हणाले.

काही झालं नाही. ते रोज म्हणत राहिले. नळी निघाली, सारिकाने संध्याकाळचाही एक तास काढला, दोन्ही वेळा ती भरवू लागली. वजन परत आलं. टाळू पहिल्यासारखी गुलाबी झाली. चौथ्या महिन्यात हेमंतरावांच्या हिरडीतून पांढरी टोकं वर आली, लहान मुलाला येतात तशी, किंचित करवती. सहाव्या महिन्यात जीभ सावरायला भिंत तयार झाली.

बुधवारी ते पडद्यासमोर बसले आणि म्हणाले, "ताट. दार. नदी. लता."

"काका!" मृण्मयी टाळ्या वाजवत म्हणाली. "काय स्वच्छ आलं! आता काकूंकडे बघून म्हणा."

ते वळले. ज्योत्स्नाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटून घेतले. हेमंतरावांच्या तोंडाकडे त्या आता बघतच नव्हत्या. पूर्वी हाच एक भाग होता जिथे त्या तासन्‌तास बघायच्या.

"वेळ लागेल," मृण्मयी म्हणाली. हेमंतरावांनी मान हलवली.

*

मार्गशीर्षात सारिकाची सासू गेली. निरोप आला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. हेमंतरावांनी शेजारी विचारलं, कोणी मोकळं नव्हतं. ईशिताला कळवलं, ती म्हणाली, उद्या पहाटे पोहोचते, तोवर काहीतरी करा बाबा.

त्यांनी मऊ भात केला, ताक घातलं, गार केला. खुर्चीच्या फळीवर वाटी ठेवली, त्यात चमचा ठेवला. तोंड उघडायला सांगितलं नाही. सांगून काय व्हायचं ते त्यांना ठाऊक होतं. ते दवाखान्याला फोन करायला बाहेरच्या खोलीत गेले. पलीकडून वाट बघायला सांगितलं होतं, फोन कानाशी होता, आणि आतून स्टीलवर स्टील घासल्याचा आवाज आला.

ते दारापर्यंत गेले.

ज्योत्स्नाबाईंनी डाव्या मुठीत चमचा धरला होता, खुरपं धरावं तसा. तो भातात खुपसला, उचलला, अर्धा भात मांडीवर सांडला. चमचा गालाला लागला, मग नाकाला, मग तोंडात गेला. त्यांनी गिळलं. पुन्हा खुपसला. इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं, डॉक्टरांनी जमणार नाही म्हणून सांगितलं होतं, ते त्या कपाळावर आठ्या घालून, घामाघूम होऊन करत होत्या.

हेमंतरावांच्या हातातून फोन खाली गेला. ते पुढे झाले, खांद्यावरचा पंचा घेऊन त्यांची हनुवटी पुसायला वाकले.

ज्योत्स्नाबाईंनी वाटी कोपराने स्वतःकडे ओढली, तिच्याभोवती हाताचं कुंपण केलं आणि त्यांच्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा सरळ बघितलं. हेमंतराव होते तिथेच थांबले. मग एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक. त्या खायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी ईशिताने ते बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. "बाबा, आई जेवतेय. स्वतःच्या हातानं!" फॅमिली डॉक्टरांनी व्हिडिओ करून कोणाकोणाला पाठवला. बुधवारी मृण्मयीने तो पुन्हा पुन्हा लावून बघितला.

"मेंदूनं नवी वाट काढली, काका! हे फार क्वचित होतं. तुम्ही नेमकं काय केलंत? मला लिहून ठेवायचंय."

"मी काही केलं नाही," हेमंतराव म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट आला.

"असं कसं? काहीतरी तर केलं असेल."

पडदा बंद झाल्यावर ते उठले, भात गार झालाय का बघितलं, वाटी फळीवर ठेवली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. चमच्याचा आवाज येत राहिला, मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. जेवण व्हायला पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ ते आत जात नसत. वाटी दूर ढकलल्याचा आवाज आला, की मग ते आत जाऊन खरकटी वाटी उचलायचे आणि फळी पुसायचे. तेवढं त्या करू देत होत्या.